चष्म्यावरची वाफ आणि बाचा बेडका

सुरुवातीलाच माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेज पाहिलं नाही. लिहिणं म्हणजे आमच्याकडे सही, आणि तीही ज्याला जमेल त्याने करायची. तेव्हा मी बसून स्वतःच्या आठवणी लिहाव्यात आणि त्या इतरांनी वाचाव्यात, हा मला स्वतःलाच आगाऊपणा वाटतो. त्यात विषय असा, की कोणी जेवता जेवता हे वाचत असेल तर त्याने आधी ताट संपवावं. हे जरा सोवळं करून लिहिता येईल का, याचा मी बराच विचार केला. नाही येत. गेल्या थंडीत जे झालं त्यातली किळस काढून टाकली तर सांगण्यासारखं काही उरत नाही.

मी तलासरीला कॉलेजात शिकतो आणि तिथेच वसतिगृहात राहतो. घर कासा गावाच्या पुढे. जीप जिथे सोडते तिथून चढण चढून गेलं की आमचा पाडा लागतो. घरी आई आणि वडील. वडलांना आम्ही बा म्हणतो आणि त्याच्याशी एकेरीतच बोलतो, त्यात अनादर नसतो. घरात आमची बोली चालते. ती जशीच्या तशी लिहिली तर बऱ्याच जणांना कळणार नाही, म्हणून इथे साध्या मराठीत लिहितो आहे.

मला शाळेपासून चष्मा आहे आणि नंबर मोठा आहे. चष्मा काढला तर समोरचा माणूस मला आवाजावरून ओळखावा लागतो. पाड्यात एवढ्या जाड काचांचा चष्मा लावणारा मी एकटाच, त्यामुळे लहानपणापासून लोक मला मास्तर म्हणतात. कोरोनात सगळ्यांबरोबर मीही मास्क लावला होता आणि माझ्या काचांवर वाफ धरायची, पण तेव्हा मी मास्क नाकाखाली ओढायचो आणि मोकळा व्हायचो. कोणी बघणारं नसायचं. पुढे मास्क सुटला तेव्हा मला वाटलं, ही कटकट संपली.

दिवाळीला घरी गेलो तर बा खोकत होता. तो चिखल्याला एका वाडीत चिकू उतरवायला जायचा. वाडीच्या मालकांनी त्याला सांगितलं होतं, "आधी बरा हो, मग ये." म्हणजे खोकला त्याआधीपासून असणार, आम्हाला उशिरा कळला. संध्याकाळी अंगात कणकण यायची, आणि शर्ट खांद्यावरून घरंगळल्यासारखा दिसायचा. आई म्हणाली, "धूळ गेली असेल." बा म्हणाला, "हो, धूळच." दोघंही एकमेकांकडे न बघता बोलले, कारण दोघांच्याही मनात काका होता.

काका म्हणजे बाचा धाकटा भाऊ. तो आमच्याच घरात राहायचा. त्यालाही असाच खोकला झाला होता. टीबी निघाला, गोळ्या सुरू झाल्या, आणि सगळे म्हणाले की हल्ली टीबी बरा होतो. पण त्याचा टीबी त्या गोळ्यांना दाद देणारा नव्हता. हे कळेपर्यंत बरेच दिवस गेले. मग दुसरी औषधं आली, मूठभर गोळ्या, आणि त्या खाऊन त्याला अन्नाचा वाससुद्धा सहन होईना. तो चुलीपासून दूर, पडवीच्या टोकाला बसायचा आणि आई जेवण करायला लागली की उठून रानात जायचा. पावसाळ्याच्या तोंडावर तो गेला. बा आणि तो एकाच पडवीत झोपायचे. म्हणून बाला टीबी असेल का, यापेक्षा मोठा प्रश्न आमच्यापुढे होता. असला तर कुठला? साध्या गोळ्यांनी जाणारा, की काकाचा?

पाड्यात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशा कार्यकर्तीला सगळे नुसतं ताई म्हणतात. ती घरी आली, बाचा खोकला ऐकला आणि दारातच म्हणाली, "नमुना द्यायचा." तिने एक छोटी प्लास्टिकची पारदर्शक डबी दिली, फिरकीच्या झाकणाची, आणि आम्हा सगळ्यांसाठी मास्क. मग बाला समजावलं. सकाळी उठल्या उठल्या साध्या पाण्याने चूळ भरायची, उघड्यावर जायचं, खोल श्वास घ्यायचा, छातीच्या तळातून खोकायचं आणि येईल ते डबीत टाकायचं.

"थुंकी नको, बेडका पाहिजे," ती म्हणाली. "मशीनमध्ये टाकला की दोन्ही कळतं. टीबी आहे का, आणि साध्या गोळ्या लागू पडतील का."

"काकाचा का नाही टाकला मशीनमध्ये?" आईने विचारलं.

"त्याच्या वेळी इथे मशीन नव्हतं, आणि तो दवाखान्यात आलाच उशिरा. तोवर तुम्ही सगळे मला सांगत होता की धूळ गेलीय." मग ताई माझ्याकडे वळली. "मास्तर, तू शिकलेला. तू लक्ष ठेव. आणि जवळ जाताना मास्क लावायचा, हनुवटीवर नाही, नाकावर."

लक्ष ठेवायला मी होतो, आणि मला काही दिसत नव्हतं.

सकाळी आमच्याकडे डोंगराचा गारठा उतरतो. बा तांब्या घेऊन घरामागे गेला आणि मी काही पावलं मागे उभा राहिलो. मास्क लावला, नाकावरची तार दाबली, श्वास सोडला आणि समोरचं सगळं दुधासारखं झालं. काचा पुसल्या, पुन्हा दूध. त्यात आतला ओला उबट वास. सकाळचं न धुतलेलं तोंड, रात्री खाल्लेलं सुकट, आणि ते सगळं परत आपल्याच नाकात. स्वतःच्या तोंडाचा वास इतक्या जवळून आणि इतका वेळ घ्यायची पाळी कोणावर येऊ नये. ओठांवर घाम साचतो, कापड त्याला चिकटतं, आणि जीभ चुकून बाहेर आली तर खारट लागतं.

बाचा आवाज मात्र स्वच्छ ऐकू येत होता. आधी कोरडा खोकला, मग खालून काहीतरी खरवडत वर येतं तसा आवाज, मग अडकणं, मग पुन्हा खरवडणं. मडक्याच्या बुडाला चिकटलेलं काहीतरी कोणी करवंटीने ओढतं आहे असं वाटायचं. खरं सांगतो, त्या क्षणी काचांवरची वाफ मला बरी वाटली. मी ती पुसली नाही.

बाने डबी आणून दिली. मी हातात प्लास्टिकची पिशवी उलटी घालून ती धरली, पिशवी सरळ केली, गाठ मारली, वर दुसरी पिशवी.

कासाला जाणाऱ्या जीपमध्ये माझ्या शेजारी एक मावशी बसली होती, मांडीवर सुक्या बोंबलाचा बोजा. तो वास आणि माझ्या मांडीवरची ती डबी. मी खिडकीकडे तोंड करून बसलो होतो.

"काय रे, मध का?" मावशीने पिशवीकडे हनुवटी करून विचारलं.

"नाही."

"मग तूप असेल. कोणाकडचं?"

"औषध आहे, मावशी."

"कशावर?"

"खोकल्यावर."

"दाखव बघू, मलापण खोकला आहे."

मी पिशवी दोन्ही हातांनी धरली. ती जीपमधल्या बाकीच्यांना म्हणाली, "बघा, औषधसुद्धा कोणाला देत नाहीत हल्लीची पोरं." सगळे हसले. मी उतरेपर्यंत पिशवीकडे बघितलं नाही.

दवाखान्यात लॅबच्या खिडकीतल्या माणसाने डबी उजेडात धरली, तिरकी केली आणि तशीच परत माझ्यापुढे ठेवली.

"ही लाळ आहे. यात काय तपासू?"

"खोकून काढलंय, साहेब."

"कोणी काढलंय?"

"बाने. वडलांनी."

"तू बघितलंस?"

मी चष्मा काढून पुसायला लागलो.

"कॉलेजला आहेस ना? काय शिकतोस?"

"बीएस्सी."

"अरे वा. मग डोळे कुठे ठेवले होते?"

"चष्म्यावर वाफ येते, साहेब. मास्कमुळे."

तो मागे वळून आतल्या बाईंना म्हणाला, "ऐकलंत का मॅडम? हे बीएस्सी. वाफेमुळे दिसत नाही म्हणे." मग मला म्हणाला, "मीपण चष्मेवालाच आहे ना? दिवसभर मास्क लावतो. मी काय अंदाजाने रिपोर्ट देतो? पिवळसर पाहिजे, घट्ट, डबी वाकडी केली की तार धरणारं. असं पाण्यासारखं नको. डोळ्यांनी बघ आणि मग आण." त्याने नवी डबी दिली.

दुसऱ्या वेळीही तेच झालं. बा घरामागे गेला, तेच आवाज आले, माझ्या काचा दुधाच्या. डबी आली तेव्हा मी ती घरात आणून, मास्क काढून बघितली. स्वच्छ पाणी, वर बुडबुडे. मी म्हटलं, "बा, हे चालणार नाही."

"कसं चालणार नाय? चांगला मोठा काढला."

"हे पाणी आहे."

"मग तूच काढ," बा म्हणाला आणि पडवीत जाऊन बसला.

तरी मी ती घेऊन गेलो, कारण मला वाटलं मलाच कळत नसेल. पुन्हा परत आली. या वेळी लॅबवाला हसलासुद्धा नाही. मध्ये दिवस जात होते, बाचा शर्ट आणखी ढिला होत होता, आणि काकाच्या वेळीही असेच दिवस गेले होते हे माझ्या डोक्यातून जात नव्हतं.

घरात आणखी एक गोष्ट मला सहन होत नव्हती. बा मास्क लावायचा, पण खोकला आला की तो खाली ओढायचा, थुंकायचा, आणि तसाच वर चढवायचा. त्याचा मास्क कायम ओला असायचा, मधोमध पिवळट डाग. ताईने तो फेकायला सांगितला होता. आई तो धुऊन दोरीवर वाळत घालायची, माझ्या टॉवेलच्या शेजारी. मी टॉवेल काढून दुसरीकडे टाकला तर आई म्हणाली, "बापाच्या फडक्याचा विटाळ होतो काय तुला?" होत होता. ताटाला हात लावताना, तांब्या उचलताना, चटईवर बसताना, सगळीकडे तो ओलेपणा पसरलाय असं मला वाटायचं.

कॉलेज बुडत होतं म्हणून मी तलासरीला परत गेलो. सुट्टीच्या दिवशी पुन्हा घरी जायचं आणि या वेळी बाच्या अगदी जवळ उभं राहून, डोळ्यांनी बघून नमुना घ्यायचा, असं ठरवलं. त्यासाठी काचा साफ राहायला हव्या होत्या. हे मी खोलीतल्या मित्राला सांगितलं. तो समुद्रकाठच्या नरपडचा, घरची वाडी, बोलायला मोकळा. बाचं सगळं सांगितलं नाही, फक्त म्हटलं की मास्क लावून बारीक काम करायचं आहे.

"भावा, दाढीचा फेस लाव," तो म्हणाला. "आमच्याकडे एक काका हेल्मेटच्या काचेला लावतात."

मग आमचे प्रयोग सुरू झाले. सकाळच्या गारठ्यात वसतिगृहाच्या टाकीजवळ मी मास्क लावून उभा राहायचो आणि तो लांबून बोटं दाखवायचा.

"किती?"

"तीन."

"मी हात खिशात घातलाय, येड्या."

दाढीचा फेस लावून पुसला तर थोडा वेळ दिसलं, मग काचेवर ओघळ आले आणि दिवसभर डोळ्यांपुढे न्हाव्याच्या दुकानाचा वास. टूथपेस्टने काचेवर बारीक चरे पडले, ते अजून आहेत. जखमेवर लावतात ती पांढरी पट्टी मास्कच्या वरच्या कडेला आडवी चिकटवली, नाकावरून गालापर्यंत. वाफ वर येणं कमी झालं हे खरं, पण पट्टी काढताना कातडी आली आणि नाकावर लाल चट्टा राहिला. रुमालाची घडी आत ठेवली तर ती ओली होऊन ओठांवर आली, आणि ती ओली घडी तोंडाला लागल्याबरोबर मला दोरीवरचा तो मास्क आठवला. मी रुमाल टाकीजवळच टाकून दिला.

मग मित्राने एक दिवस माझा चष्मा हातातून घेतला, दोन्ही काचांवर पचकन थुंकला, अंगठ्याने पसरवलं, पाण्याखाली धरलं आणि परत दिला.

"काय करतोस!" मी ओरडलो.

"आमच्याकडे पाण्यात बुडी मारणारी पोरं असंच करतात. लाव."

"मी नाही लावणार."

"लाव रे. माझी थुंकी आहे, विष नाही."

मी लावला. आणि सगळ्यात किळसवाणं हे, की दिसलं. टाकीवरचं शेवाळ, भिंतीवरचा रंग, त्याच्या शर्टाची बटणं, सगळं स्वच्छ. दुसऱ्याची थुंकी डोळ्यांपुढे लावून मला जग इतकं साफ दिसत होतं. मी चष्मा काढून पुन्हा पुन्हा धुतला. तो म्हणाला, "कमाल आहे. आंधळा राहीन पण सोवळ्यात राहीन!" त्याला माहीत नव्हतं की मी कुठल्या कामाला निघालो होतो. तिथे स्वतःची थुंकीसुद्धा चष्म्याला लावायची, तीच बोटं तोंडाजवळ आणायची, या कल्पनेनेच माझ्या अंगावर काटा आला.

शेवटी जमलं ते साबणाने. अंघोळीचा कोरडा साबण कोरड्या काचेवर हलक्या हाताने फिरवायचा, काच आंधळी होईपर्यंत, आणि मग जुन्या मऊ सुती कापडाने पुसत राहायचं, साबण गेला असं वाटेपर्यंत. तो पूर्ण जात नाही, एक न दिसणारा थर राहतो, आणि वाफ त्यावर थेंब होऊन बसत नाही. पाणी लावायचं नाही. भांड्याचा साबण वापरायचा नाही, मी वापरला होता आणि तो डोळ्यात गेला होता. याला जोड म्हणून मास्कची तार नाकाच्या हाडावर चेपून बसवायची, गालाजवळ फट राहू द्यायची नाही, आणि चष्मा मास्कच्या कडेवर टेकवायचा. एवढं केलं की बऱ्यापैकी वेळ दिसतं. कोणाला उपयोग झाला तर बरं, म्हणून नीट लिहिलं.

सुट्टीला घरी गेलो. येताना ताईकडून नवी डबी घेतली. ती म्हणाली, "मास्तर, या वेळी तरी."

सकाळी मी काचांवर साबण फिरवला, पुसल्या, मास्क लावला. आई चुलीपाशी बघत होती. "चष्म्याला आंघोळ घालतोस आणि स्वतः घालत नाहीस," ती म्हणाली. बा तांब्या आणि डबी घेऊन मागे गेला. त्याला वाटलं मी नेहमीसारखा लांब थांबेन. मी शेवग्याच्या झाडापर्यंत गेलो, जिथून त्याचे हात दिसत होते. श्वास सोडला. काचा साफ राहिल्या.

बाने चूळ भरली. खोल श्वास घेतला. खोकू लागला. या वेळी आवाजाबरोबर मला तो दिसतही होता. पाठीचे मणके शर्टातून वर येत होते, मानेच्या शिरा ताणल्या होत्या, एक हात गुडघ्यावर. बराच वेळ काही आलं नाही. मग त्याने डबी तोंडाला लावली आणि ते आलं. मी बघितलं, कारण बघायलाच आलो होतो. हिरवट पिवळं, शेंबडापेक्षा घट्ट, आणि ते ओठापासून सुटत नव्हतं. बाने बोटाने ते तोडलं. डबीच्या कडेला लागलं, मग सरकत खाली गेलं. त्यात एक बारीक तांबडा धागा होता. माझ्या तोंडात एकदम आंबट पाणी भरलं. मास्क असल्यामुळे थुंकता येईना, मग मी ते गिळलं. ती चव मी अजून विसरलेलो नाही.

पण मला वाटलं, झालं. हेच पाहिजे होतं. मी पुढे पाऊल टाकलं, आणि तेवढ्यात बाने खाली वाकून एक काडी उचलली. डबी तिरकी केली आणि काडीने तो बेडका अलगद बाहेर ओढायला लागला. पाणी ओतायला तांब्या पायाशी तयार होता.

"बा! काय करतोस तू?"

तो दचकला. "काय झालं?"

"ते काय करतोस?"

"साफ करतो."

"काय साफ करतोस?"

"डबी. हे असं देतात काय कोणाला?" त्याने डबी माझ्यापुढे धरली, जणू मीच खुळा. "वरचं घाण काढतो, दोनदा विसळतो, मग पातळ थुंकी टाकतो थोडी. दर वेळी असंच देतो ना तुला."

"अरे, तेच तर पाहिजे त्यांना! ते घाणच पाहिजे!"

"असं कसं? दवाखान्यात शिकलेली माणसं. मॅडम असते तिथं. झाकण उघडून बघतील, हे बघतील. कोणाच्या घरचं आहे म्हणतील. आणि घेऊन कोण आलाय, तर तू." मग तो म्हणाला, "तू पिशवीत हात घालून धरतो. मला वाटलं, तुला तेवढं तरी सोपं होईल."

आई आवाज ऐकून मागे आली. काय झालं ते कळल्यावर तिने पदर तोंडाला लावला, पण तिला हसू आवरेना. "जन्मात कधी स्वतःचं ताट धुतलं नाय या माणसानं," ती म्हणाली, "आणि बेडका धुतोय! तोही दोनदा विसळून!"

"पाहुण्याकडे काय द्यायचं तर साफ करून द्यायचं," बा रागावून म्हणाला. "एवढं मला कळतं."

"ते पाहुणे नाहीत," मी म्हटलं. "काडी टाक. झाकण लाव."

"आहे तसं?"

"आहे तसं."

त्याने काडी टाकली. झाकण लावताना त्याचा चेहरा असा झाला होता, जसं कोणी त्याला अंगावर फाटके कपडे घालून लग्नाला जायला सांगितलं आहे.

कोणाला वाटेल की इथे मला बाविषयी माया दाटून आली असेल. आली असेलही, पण तेव्हा मला ती कळली नाही. मला फक्त पारदर्शक डबीतून ते दिसत होतं, कारण या वेळी काचा साफ होत्या आणि दिसणं थांबवता येत नव्हतं. ते भिंतीला चिकटून हळूहळू खाली उतरत होतं आणि त्यातला तांबडा धागा बरोबर खाली येत होता. हे बाच्या आत होतं. याच्याबरोबर तो झोपतो, जेवतो, चढण चढतो. काकाच्याही आत हेच असणार, आणि आम्ही धूळ म्हणत बसलो. मला त्या वस्तूचा राग आला, एखाद्या घुशीचा येतो तसा. मी पिशवीत हात घातला आणि डबी घेतली.

जीपमध्ये मी पिशवी मांडीवर न ठेवता हातात उभी धरली. कोणी काही विचारलं नाही.

लॅबवाल्याने डबी उजेडात धरली, तिरकी केली. ते तार धरत होतं. "हां," तो म्हणाला, "आता कसं! आधीचं काय आणत होतास?"

मी म्हटलं, "आधीचं धुतलेलं होतं, साहेब."

त्याने माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. त्याला वाटलं मी चेष्टा करतो आहे. मी समजावून सांगितलं तेव्हा तो आत गेला, मॅडमना सांगितलं, आणि आतून हसण्याचा आवाज आला. मग तो परत आला तेव्हा हसत नव्हता. "सांग त्यांना," तो म्हणाला, "आम्हाला असलंच लागतं. लाजायचं नाही म्हणावं." रिपोर्ट ताईकडे जाईल, तिथून कळेल, असं त्याने सांगितलं.

मी तलासरीला परत आलो. प्रॅक्टिकल चालू होती. मी प्रयोगशाळेत उभा राहायचो, परीक्षानळी उजेडात धरायचो, तळाशी साका बसलेला दिसायचा आणि मी ती घाईने खाली ठेवायचो. जेवताना वरण घट्ट असलं तर मी ते बाजूला सारायचो. मित्र म्हणायचा, "भावा, तुला काय डोहाळे लागलेत का?" एक दिवस मी त्याला सगळं सांगितलं, धुण्याचंही. तो हसला नाही. त्याने माझ्या ताटातलं वरण स्वतःच्या ताटात घेतलं आणि जेवून टाकलं.

फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या जिन्यात होतो. ताई बोलत होती, पण पाड्यावरून आवाज तुटत येतो.

"मास्तर, रिपोर्ट आला. टीबी निघाला रे." आणि फोन कट झाला.

मी परत लावला. लागला नाही. पुन्हा लावला, तेच. जिन्यातून पोरं वर-खाली जात होती, कोणीतरी मला बाजूला हो म्हणालं. मी बाहेर आलो, गेटजवळ गेलो, मग रस्त्यापलीकडे. फोनवर दांड्या पूर्ण होत्या, म्हणजे नेटवर्क तिकडचं गेलं होतं आणि मी इथे कुठेही उभा राहिलो तरी उपयोग नव्हता. अर्धी बातमी माझ्याकडे होती आणि उरलेली अर्धी तिकडे चढणीवर अडकली होती. टीबी आहे हे तर डबी बघितली तेव्हाच मला कळलं होतं. मला काका दिसत होता, पडवीच्या टोकाला, चुलीकडे पाठ करून. आईला फोन लावला, तोही लागला नाही. मित्र मला शोधत आला आणि काही न विचारता शेजारी उभा राहिला.

मग फोन वाजला. ताई धापा टाकत होती. नेटवर्कसाठी ती जीप थांबते तिथपर्यंत खाली उतरून आली होती.

"कट झाला मघाशी," ती म्हणाली. "ऐकलंस का पुढचं?"

"नाही, ताई."

"अरे साधा आहे! साध्या गोळ्यांनी जाणारा. काकासारखा नाही, मी दोनदा वाचून बघितलं. आज पहिल्या गोळ्या दिल्या, माझ्यासमोर गिळल्या तुझ्या बाने."